तूट

रात्री साडेदहाला मी मोबाईल
तांदळाच्या डब्याला टेकवते,
चेहरा सोडून बाकी सगळं दिसेल असा तिरपा.
म्हणजे हात, चिमटा, बत्तीची निळी जीभ,
ताटलीत सांडलेली सातशे घुंगरं
आणि मागं दोरीवर पोराचा शाळेचा शर्ट,
जो दिसतोय हे मला चार दिवस कळलंच नव्हतं.
कुणीतरी लिहिलं, आक्का, कॉलरचं बटण तुटलंय.
सोबत दोन रुपये.

हुपरीत हे काम घरोघरी चालतं.
त्यात बघण्यासारखं काय, असं जाऊबाई म्हणाल्या,
मलाही तसंच वाटायचं.
घुंगराला कडी, कडीला डाक,
सवागीचं बोट, बत्तीचा फुत्कार,
चांदी क्षणभर पाण्यासारखी लवते
आणि पुन्हा शहाणी होते.
एवढंच.
एवढ्यासाठी एकशे चाळीस माणसं
जांभया देत जागी राहतात.

रुपया आला की मोबाईल टिंग वाजतो.
घुंगरू ताटलीत पडलं तरी टिंग.
सुरुवातीला माझी गल्लत व्हायची,
पडलेल्या घुंगरालाच म्हणायची, आभारी आहे दादा.
लोकांना ते लई आवडलं.
आता कधीकधी मुद्दाम म्हणते.

इचलकरंजीचा सिद्राम मगदूम मागावर रात्रपाळीला असतो.
माझं बोलणं त्याला ऐकू येत नाही,
त्या खडखडाटात स्वतःचा खोकलाही ऐकू येत नसेल.
लिहितो, तुमचा हात हलत राहिला
की माझा डोळा लागत नाही.
पाच रुपये. पगाराच्या दिवशी दहा.
मस्कतच्या दवाखान्यातून गडहिंग्लजची हेमलता
विचारते, जेवलासा काय?
आणि एक जण अधूनमधून येतो,
म्हणतो, मान खाली घाल, तोंड दिसू दे, पन्नास देतो.
मी बत्ती मोठी करते.
पडदा पांढराफेक होतो, तो निघून जातो.

बाळगोंडा शेठ चांदी मोजून देतो, मोजून घेतो.
किलोमागं ठरल्यापेक्षा जास्त तूट आली
की मजुरीतून कापतो.
मोबाईलवालेही कापतात, शंभरातले तीस,
त्यांचा तराजू मी बघितलेला नाही.
शेठच्या दारात निदान चप्पल न काढता उभं राहून
भांडता तरी येतं.

गेल्या बुधवारी बाराच्या सुमाराला गॅस संपला.
ज्योत आधी पिवळी, मग कुजबुज, मग काही नाही.
संपला, म्हणाले,
आणि मोबाईल बंद करायला हात पुढं केला.
सिद्रामनं लिहिलं, राहू दे की.

मग मी बसले.
हात मांडीवर. बोटांना काळं, नखात सवागी.
बाहेर कुणाची तरी पाण्याची मोटर चालू होती.
कुणी काही लिहिलं नाही, गेलंही नाही कुणी.
बऱ्याच वेळानं एक टिंग.
मग दुसरी.
मग मला मोजता येईनात.

घुंगरांची वही वेगळी, मोबाईलची वेगळी.
त्या रात्रीचे चारशे बारा कशाखाली लिहायचे?
डाक लावली नाही, कडी वळली नाही,
एक गुंज चांदी इकडची तिकडं झाली नाही.
मी लिहिलं, बसले.
सकाळी पोरानं ते खोडलं
आणि छान अक्षरात लिहिलं, इतर.

काल सिलिंडर भरलेला होता.
तरी बाराच्या ठोक्याला मी चिमटा खाली ठेवला,
हात मांडीवर घेतले, तस्सेच,
आणि वाट बघितली.
मोटरही चालू होती बाहेर.
एक मिनिट. तीन मिनिटं.
कुणीतरी लिहिलं, आक्का, गॅस हाय की आज.
वरचा आकडा एकशे दहा झाला, मग ब्याण्णव.
कानाची पाळी गरम झाली माझी.
बरं, ती दिसत नाही कुणाला.

मग सिद्राम.
पैसे नाहीत, नमस्कार नाही, नुसतं
आक्का, हात.

मी चिमटा उचलला.