गुणवंतांचा फळा

मेळावा कोराडी रोडच्या एका लॉनवर आहे.
पुण्याहून फोन आला :
पेंटरकाका, शाळेचा फळा तुमच्याकडंच ना?
माझ्याकडंच आहे.
पिपळडोह कोलियरी हायस्कूल पाडलं त्या दिवशी
हेडमास्तरांची खुर्ची कबाडीवाल्यानं नेली,
घंटा कुणी नेली माहीत नाही,
फळा मी सायकलला बांधून आणला.
इतकी वर्षं बकऱ्यांना आडोसा होता.

शाळेच्या जागी खदानीचा खड्डा, तळाशी हिरवं पाणी.
दहावी 'अ' जिथं बसायची
तिथं आता नुसती हवा आहे.

काल ओल्या फडक्यानं पुसला.
लेंड्यांच्या धुळीतून वर आले एकेक :
बँकेत मोठा साहेब झालेला निनावे,
दुबईचा पिल्लई,
जिल्हा परिषदेत दोनदा निवडून आलेला हटवार.
सगळी नावं माझ्या हातची.
इतवारीतून आणलेला पांढरा ऑइलपेंट,
वर्षाला एक ओळ, ओळीला चार रुपये.

आणि एकोणनव्वदसमोर :
कु. स. ना. म. ७१.४२

हेही माझंच काम.
मरसकोल्हे मावत नव्हतं.
वर्षाचा रकाना, टक्क्यांचा रकाना हेडमास्तरांनी आखून दिलेला,
मधे उरली वीतभर जागा.
'राव' मावायचा. 'डे' तर पाय पसरून बसायचा.
टक्क्यांतला पॉइंटसुद्धा मी गोल, ठसठशीत काढला
आणि पोरीचं नाव टिंबांवर भागवलं.

तिला अख्खी कॉलनी ओळखायची.
आदल्या भादव्यात तीन नंबरात पाणी शिरलं.
खदानीच्या तोंडाशी बायका, कंदील, चिखल.
रात्री दोनला हाजरीबाबूनं यादी आणली,
हात असे कापत होते त्याचे, की अक्षर लागेना.
ही पुढं झाली. निळा स्कर्ट, वर भावाचा स्वेटर.
द्या, म्हणाली, मी वाचते.
टोकन नंबर, नाव, बापाचं नाव.
सातवं नाव नानू मरसकोल्हे.
ती थांबली नाही.
आवाज खाली गेला नाही, वर गेला नाही,
आठवं वाचलं, नववं वाचलं,
चौदाच्या चौदा वाचून
यादीची घडी बाबूच्या खिशात ठेवली
आणि मग खाली बसली.

आज सकाळी ती आली.
कन्हानला अंगणवाडीत असते. केस पांढरे, हातात छत्री.
मेळाव्याचं बोलावणं तिला नाही,
फळ्याचं कुठून तरी कळलं.
मी म्हटलं, बाई, खालची जागा कोरी आहे,
पूर्ण नाव काढून देतो,
सरिता नानू मरसकोल्हे, काना-मात्रेसकट. पैसे नको.
तिनं टिंबांवरून बोट फिरवलं.
राहू द्या, म्हणाली, ती मीच, हे मला ठाऊक आहे.
जागा असेल तर त्यांची काढा.

कोणाची?

चौदातले नऊ रात्रीच्या वर्गाला यायचे,
आपल्याच शाळेत, आपल्याच बाकांवर,
गुडघे मावायचे नाहीत.
बाबा तीन महिन्यांत सही शिकले.
पगाराच्या रजिस्टरात सगळीकडं अंगठे,
मधे एक नाव, वाकडं.
त्या दिवशी कामठीहून पेढे आणले होते.
काहून, ते माजी विद्यार्थी नाहीत?

चार वाजता टेम्पो येणार आहे.
डब्यात रंग बोटभर, वर साय धरलेली.
काडीनं साय बाजूला करतो,
दोरी ताणून खडूची रेघ मारतो.
रकाने ह्या वेळी आखत नाही.
ती दाराशी उभी राहून सांगते,
समोर कागद नाही,
क्रम तोच, त्या रात्रीचा.

पहिलंच नाव लांब आहे.
मी ब्रश बारीक घेत नाही.