अकरा महिने

तोर्शाव्हनच्या इस्पितळाच्या तळघरात
एक पेटी आहे. दोन हातांनी उचलता येईल एवढीच.
तिची जुळी दक्षिणेकडच्या बेटावर,
लोकरीच्या जुन्या गोदामात.
दिवसभर डॉक्टर जे लिहितात,
रक्त, साखर, कुणाचं वजन उतरलं, कुणाला दिवस गेले,
ते ही पेटी रात्री दोन वाजता तिला सांगते.
मध्ये समुद्र. समुद्राच्या तळाशी केबल.
उद्या इथं आग लागली, पाणी शिरलं,
तर तिकडे सगळं पाठ असावं, म्हणून.

मी सुन्वा. पेट्या माझ्याकडे असतात.

मंगळवारी वेग मोजायला बसले
आणि तारेला मध्येच कान लावला.
जिथं नुसता कचरा दिसायला हवा
तिथं अक्षरं आली.
साधी, वाचता येणारी:
मालान, वय एकसष्ट, डावीकडे गाठ, पुढची तारीख अमुक.

मालान बंदरावर मासे विकते.
परवाच म्हणाली, यंदा वारा सरत नाही बघ,
आणि एक हॅडॉक वरून टाकला पिशवीत.
मी मान वळवली.
तळघराला खिडकी नसते,
वळवून वळवून मान किती वळवणार.

सेटिंगमध्ये एक चौकोन होता, रिकामा.
मागच्या वादळात केबल रखडत होती तेव्हा
कुणीतरी त्यातली खूण काढली होती
आणि शेजारी लिहिलं होतं: तात्पुरतं.
तारीख होती. नाव होतं.
नाव माझंच होतं.

अकरा महिने!
मूठ झाकलेली आहे असं समजून
आम्ही उघडा तळहात घेऊन हिंडत होतो.
कुणी बघितला का?
माहीत नाही.
चोरी झाली तर काही कमी तरी होतं,
इथं सगळं जागच्या जागी,
एक ओळ इकडची तिकडे नाही.

मग नव्या चाव्या केल्या.
प्रत्येक पेटीची एक चावी, ती पेटीतून बाहेर येत नाही,
आणि एक कुलूप, ते खुशाल कुणालाही द्यावं.
पण समोर उभी आहे ती आपलीच जुळी कशावरून?
मध्ये कुणी तिचा आवाज काढत बसलं असेल तर?
त्यासाठी कुलपाचा ठसा असतो, बत्तीस जोड्यांचा.
तो तारेवर विश्वासून चालत नाही,
माणसाच्या तोंडून ऐकावा लागतो.

टुम्मसला फोन केला. गोदामाची किल्ली त्याच्याकडे.
(फोनही तारेवरूनच जातो, मान्य,
पण टुम्मसचा खोकला कुणाला काढता येणार नाही.)
सात, एफ. तीन, शून्य. डी, डी.
डी की बी?
बी गं, बोटीचा बी.
एकोणिसाव्या जोडीला चुकलो.
त्यानं चष्मा पुसला, मी पेन बदललं,
पुन्हा पहिल्यापासून.
बत्तिसावी जुळली तेव्हा तो म्हणाला,
झालं? मग मी मेंढ्यांकडे जातो.

रात्री दोनला पुन्हा कान लावला.
कचरा. नुसता कचरा.
एक शब्द लागेना.
इतकं न कळण्याचं सुख
मला आधी कधी झालं नव्हतं.

सकाळी वरच्या मजल्यावर पत्र दिलं:
खूण मी काढली होती, अकरा महिने, कारण वादळ.
कारण खोडलं.
पुन्हा लिहिलं.
पुन्हा खोडलं.

बंदरावर गेले.
मालान म्हणाली, आज उशीर?
केबल आता बंद आहे, दोन्ही टोकांनी कुलूप आहे,
माझ्यात मात्र ती ओळ साध्या अक्षरांत पडून आहे
आणि मला चौकोन नाही.
काही नाही, म्हणाले, जरा काम होतं.
सुटे राहू देत म्हटलं, तर तिनं ऐकलं नाही.
एकेक क्रोनर मोजून हातावर ठेवला
आणि तिच्या गार, खवल्यांनी चिकट बोटांनी
माझी मूठ मिटवली.