खालची पापणी

डोळे आले, म्हणतात आपल्याकडे.
पाहुणे आल्यासारखं.
सकाळी उठलो तर दोन्ही पापण्या चिकटलेल्या,
चाचपडत मोरीपर्यंत गेलो, कोमट पाण्यानं सोडवल्या
आणि टेकानाक्यावर दुकान उघडलं.
आधी नंबर प्लेटी रंगवायचो. आता त्या तयारच येतात,
म्हणून पाट्या: वकिलांच्या, पिठाच्या गिरण्यांच्या,
'कृपया चपला बाहेर काढाव्या'.
त्या दिवशी दातांच्या डॉक्टरची पाटी होती.
फोन नंबरातल्या 3 चा मी 8 केला.
"काका," तो म्हणाला,
"पेशंट भलत्याच्याच घरी दात दाखवतील नं."

मेयोतली डॉक्टरीण पोरगेलीच.
तिनं डोळ्यांत पाहिलं, माझ्याकडे नाही.
जंतू आहेत. मलम देते.
तांदळाच्या दाण्याएवढं, दिवसातून चारदा, सात दिवस.
नळीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही. टॉवेल वेगळा.
तिसऱ्या दिवशी बरं वाटेल. तेव्हा थांबायचं नाही.

गजभिये शेजारून स्वतःची नळी घेऊन आले, गजकर्णाची.
"मलम ते मलमच असते नं बाप्पा, पैसे काऊन घालवता?"
उत्पलानं ती त्यांच्या हातात परत दिली.
"ते कातडीचं आहे, काका. डोळ्याचं वेगळं."
एवढंच बोलली.
भंडाऱ्याहून परत आली त्याला आठ महिने झाले,
एक सुटकेस, एक शिलाई मशीन.
मी विचारलं नाही.
घरात आम्ही बोलायचो ते सिलिंडरचं, नळाचं,
कूलरमध्ये पाणी टाकलं का, याचं.

स्वतः घालून पाहिलं.
मलम गालावर, मिशीत, एकदा भुवईवर.
चाळीस वर्षं टेकू न घेता सरळ रेघ ओढणारा हात
स्वतःच्या पापणीजवळ आला की थरथरतो.
"द्या इकडं," ती म्हणाली.

"वर पाहा."
बोटानं खालची पापणी ओढून धरली.
वर म्हणजे तिची हनुवटी, खालून.
माणसाला तिथून कोणी पाहत नाही,
आरसाही नाही.
तिथं एक व्रण होता,
आडवा, टाके न घालता भरलेला.
मग मलम उतरलं
आणि व्रण, कूलर, भिंतीवरचं कॅलेंडर,
सगळं लोण्यामागं गेलं.
"पाच मिनिटं मिटून ठेवा."
मी मिटून ठेवले.
आठ महिने तेच करत होतो.

दिवसातून चारदा तो व्रण.
तिसऱ्या दिवशी लाली गेली.
"उतरले की हो, बाबा."
मी म्हणालो, सात सांगितलेत.

पाचव्या दिवशी, दुपारी,
बाहेर पंचेचाळीस डिग्री, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही,
डोळे मिटलेले असतानाच विचारलं.
हनुवटीला काय लागलं होतं?
नळीचं झाकण फिरल्याचा आवाज आला.
घट्ट बसल्यावरही ती फिरवत राहिली.
"कपाटाची कड."
मी काही म्हणालो नाही.
रात्रीच्या वेळेला, पापणी ओढून धरत, ती म्हणाली,
"कपाट काही स्वतः चालत येत नाही."
सहाव्या दिवशी बाकीचं सांगितलं.
सलग नाही. चार वेळांत वाटून.

सातव्या दिवशी नळीत अर्धं मलम उरलं होतं.

दातांच्या डॉक्टरची पाटी अजून तशीच होती.
8 चा 3 करायचा तर वरून पांढरा मारून भागत नाही,
एका उन्हाळ्यात आठ पुन्हा वर येतो.
डावीकडचं पार पत्र्यापर्यंत खरवडावं लागतं.
मी पत्री घेऊन बसलो.
उत्पला समोरच्या स्टुलावर, टॉवेल घडी करत.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
"तुम्ही इतक्या वकिलांच्या पाट्या केल्या, बाबा,
त्यातला बरा कोणता?"