बदली

रात्री दहानंतरच निघतात ते रक्तात,
म्हणून आमचं पथकही गोळीबार चौकात दहानंतरच.
टॉर्च, काचपट्ट्या, स्पिरिटचा बोळा,
ओट्यावर बोट पुढे करून जांभया देणारी माणसं.

शामराव पराते तेव्हाही मागावर.
डावा पाय दोन्ही पावड्यांवर आळीपाळीनं,
उजवा खड्ड्याबाहेर काढून ठेवलेला,
जा म्हणता येत नाही अशा पाहुण्यासारखा.
"कापड होते एका पायानं," म्हणाले, "चालनं नाही होत."

दिवसा मी प्रयोगशाळेत.
कामठीहून थर्मासमध्ये म्हशीच्या पोटातले जंत येतात,
कोमट, पांढरे,
परात्यांच्या सुताच्या गुंत्यासारखेच, फक्त हलणारे.

यंदा सरांनी यादी दिली,
कॅन्सरच्या जुन्या औषधांची.
चौथ्या ओळीवर मी थांबले.
सहा वर्षं रोज, जेवणानंतर, ग्लासभर पाण्यासोबत
मालूताईला मीच देत होते ते.
सातव्या वर्षी तिच्या रक्तानं त्याचं ऐकणं सोडलं.
शेवटच्या डब्यातल्या अकरा गोळ्या
अजून कपाटात आहेत, तिच्या बांगड्यांपाशी,
मुदत संपलेल्या.

सर म्हणाले, या पायांसाठी नवं औषध शोधायला
पैसा कोण देतो? आहे त्याचीच बदली करायची.
बदली!
जणू कारकून आहे, एका खात्यात जमलं नाही,
पाठवा दुसऱ्यात.

तिसऱ्या दिवशी वळवळ मंदावली.
मग एक नुसता पडून राहिला,
सैल, टाका निसटल्यासारखा.
वहीत लिहिलं: हालचाल शून्य.
कूलरमधलं पाणी संपून कोरडा वारा घरघरत होता.
आनंद झाला मला,
आणि लगेच राग आला काचेतल्या त्या थेंबाचा.
तिथे का नाही चाललं रे तुझं, मेल्या?
औषधाशी असं बोलतं का कुणी.

पराते विचारतात, "मंग माया पाय उतरन का?"
मी खरं तेच सांगते.
काच म्हणजे माणूस नाही काका,
म्हैस म्हणजे तुम्ही नाही.
आणि जंत मेला तरी
सुजलेलं बरेचदा सुजलेलंच राहतं.
साबणानं धुवा, कोरडा ठेवा, रात्री उशीवर घ्या.

ते ऐकून घेतात. धोटा बाजूला ठेवतात.
"माया नाही तं नाही. नातवाचा नाही फुगला
तरी लय झालं."

बोट पुढे करतात.
बारा वाजून दहा मिनिटं.
मी टोचते.