हातात नसलेला खडू

आधी ओठांभोवती मुंग्या.
वाटलं, सुरण नीट शिजला नसेल.
मग बोटांच्या टोकांना,
मग पहाटे तीनला पोटरीत असा वांब आला
की कन्नमवार नगरच्या अख्ख्या इमारतीला कळलं,
हळदणकर बाई घरी आल्यात.

गळ्याच्या ऑपरेशनला चार दिवस झाले होते.
थायरॉइडच्या मागे मसुराएवढ्या चार ग्रंथी असतात म्हणे,
त्यांना धक्का लागला.
इतकी वर्षं हजेरीत
कुणी नावसुद्धा घेतलं नव्हतं त्यांचं.

सायनला शिकाऊ डॉक्टरने दंडाला पट्टा बांधला,
हवा भरली. म्हणाला, तीन मिनिटं हलू नका.
पहिलं मिनिट काही नाही.
दुसऱ्यात मनगट आपलं आपण वाकलं,
बोटं ताठ राहूनच एकमेकींना चिकटली,
अंगठा आत आला.
डॉक्टर खूश. आणखी चौघांना हाक मारली,
या, बघून घ्या, असं रोज मिळत नाही.
चौघं माझ्यावर वाकली
आणि वह्यांत उतरवून घेऊ लागली.

मीही बघत होते.
हात ओळखीचा होता.
एकतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत
फळ्यासमोर तो याच आकारात उभा राहिला.
खडू तेवढा नव्हता.

किती पांढरी धूळ खाल्ली मी,
केसांत, पदरावर, डब्यातल्या पोळीवर,
आणि रक्तात चिमूटभर कमी.

शिरेतून सावकाश औषध सोडलं.
अंगभर ऊन पसरलं.
बोटं सुटली, पण एकेक करून,
रांगेत.

संध्याकाळी गोळ्या. मोठ्या, पांढऱ्या.
सिस्टर शायनी म्हणाली, चावा बाई, पाणी नंतर.
दातांखाली पिठूळ कुरकुर
आणि तोंडात एकदम चौथी ब.

सुगंधा टेंबुलकर, शेवटचा बाक.
डस्टरच्या खोक्यातले तुकडे चोरून खायची.
मी सगळ्या वर्गासमोर तोंड उघडायला लावलं होतं,
जीभ पांढरी,
डोळे कोरडे.
मग हातावर पट्टी. दोनदा.
कवायतीला ती मधेच खाली बसून
पोटऱ्या चोळायची.
मला वाटायचं, टाळते.

आज बेसिनच्या आरशात
जीभ काढून बघितली.

डॉक्टरांनी दिवसाला सहा लिहून दिल्यात,
पोटभर जेवणानंतर.

ती मधल्या सुट्टीच्या आधी खायची.
आणि मधल्या सुट्टीतही.