दाताळं

हरिपूरच्या घाटावर, तिसऱ्या पायरीशी
पोपट मल्लाव बसतो. गुडघ्यात सळई आहे.
अकरा वर्षं रत्नागिरीच्या ट्रॉलरवर होता.
मी त्याची धाकटी बहीण. मळीत वांगी लावते.
समुद्र मी एकदाच पाहिलाय, तोही वरून.

"वरनं काय दिसतंय," तो म्हणतो,
"वर निळंच असतंय.
खाली दोन लोखंडी फळ्या, मधी साखळी,
मागं जाळं. तळ खरवडत जायचं."

कोळंबी निवडायची, बारकं परत फेकायचं.
उठलेल्या चिखलाचं पुढं काय,
कुणी विचारलं नाही. पगार माशावर होता.

"एकदा कालेजातली एक बाई आल्ती.
दोरीला बाटली बांधून सोडायची.
आमी ओढलं उथळात,
आन् तिची बाटली गढूळ आली
पार पल्याड, खोलात.
मला वाटायचं, उठला तिथंच बसत असंल.
न्हाई. उतार घावला की मेंढरागत.
एक निघालं की कळप निघतोय,
उजेड जात न्हाई तिथवर."

मग माझंच दाताळं दोरीला बांधून
तो डोहाच्या काठाला टाकतो, ओढतो.
चैताचं पाणी, तळ दिसणारं.
चिखल उठून उभा राहतो,
क्षणभर, वाट विचारावी तसा,
आणि उतरत जातो डोहात.
वर तरंगणारं पिंपळाचं पान
हलतसुद्धा नाही.

या डोहाला तळ नाही, असं गाव म्हणतं.
पोपट म्हणतो, हाय. आता बोटभर वर आलाय.

आमची नदी उफराटी.
पश्चिमेचा समुद्र एका डोंगराआड असताना
पाठ फिरवून उगवतीला गेली.
म्हणजे माझ्या वाफ्यातली माती
त्याच्या फळीखाली कधी आली नसणार.
मी सांगते त्याला, जरा बरं वाटावं म्हणून.

"कोयनंचं पाणी जातंय की बोगद्यातनं पल्याड."
गुडघा चोळत राहतो.
"आन् आपली नसली
तरी कुणाची तरी असंलच."

दाताळं धुवायला मी पायरीवर वाकते.
दातांत चिखल, दोन गोगलगायी,
एकीचं तोंड अजून उघडं.
हात पाण्याशी जाऊन थांबतो.
गोगलगायी तेवढ्या सोडते
आणि दाताळं तसंच, चिखलासकट,
खांद्यावर टाकून मळीकडं निघते.