किल्ल्यांची बाजू

मार्चअखेर माझी बदली झाली फोनवर.
एरवी मी हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासायचे,
फ्रीजमध्ये थर्मामीटर खुपसायचे, नाक मुरडायचे.
आता कानाला हेडफोन, पुढ्यात आदेशाची अकरा पानं
आणि डुलूथच्या तमाम दुकानदारांचा एकच प्रश्न :
बाई, आम्ही अत्यावश्यक आहोत का?

बोलिंगवाल्याला नाही म्हणाले.
बरं, म्हणाला, मग बूट पुसून ठेवतो. दोनशे जोड आहेत.
रोपवाटिकेच्या बाईंना म्हणाले, भाजीची रोपं चालतील.
त्यांनी विचारलं, आणि झेंडू?
टोमॅटोच्या शेजारी लावतात, कीड लागू नये म्हणून.
मी साहेबांना विचारलं, साहेबांनी वकिलांना.
वकील अजून विचार करताहेत.

मग वेइक्को लाम्पी. वय एकाहत्तर.
किल्ल्या बनवतो, घड्याळं दुरुस्त करतो, म्हणाला,
माझं काय?
पान चार : कुलूप-किल्लीवाले, चालू.
घड्याळं अकरा पानांत कुठंच नव्हती.
म्हणजे अर्धा मी?
अर्धे, मी म्हणाले,
आणि जीभ चावली.

पाहणीला गेले तेव्हा सरोवरावर बर्फ होता,
लांबवर एक जहाज, लोखंड न्यायला आलेलं. (लोखंड : पान दोन.)
काचेतून पाहिलं : दुकानाच्या मधोमध जमिनीवर पिवळी टेप,
भांडलेल्या पोरांनी बाकावर खडूनं रेघ ओढावी तशी.
अलीकडे किल्ल्या, कानस, लाम्पी.
पलीकडे सत्तेचाळीस घड्याळं
आणि त्याची रिकामी खुर्ची.

दुसऱ्या दिवशी फोन :
चष्मा पलीकडे राहिलाय. आणू का?
मी हसले.
तो हसला नाही.

आठवड्यानं पुन्हा :
पहिलं थांबलं, सव्वातीनला. आठ दिवसच चालतात ती.
मी पानं उलटली. पान नऊ :
मालाची किंमत टिकावी इतपत किमान देखभाल करण्यास मुभा.
दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा त्यानंच मागितलं म्हणून.

तेव्हापासून दर रविवारी दार आतून लावून
तो टेप ओलांडायचा, एकेकाला किल्ली द्यायचा, परत यायचा,
वहीत लिहायचा : पलीकडे, चौदा मिनिटं.
पानाची प्रत मला पाठवायचा.
कुणी मागितली नव्हती.

एप्रिलच्या मध्यावर, दुपारी :
मिसेस ब्रॅनिगन बाहेर गाडीत बसल्यात.
फेब्रुवारीत नवऱ्यानं दिलेलं घड्याळ. झालंय दुरुस्त.
नवरा दवाखान्यात, नळ्या लावलेल्या, भेटू देत नाहीत.
घरात फार शांत आहे, म्हणतात.
घड्याळ माझ्यापासून नऊ फुटांवर आहे.
सांगा.

अकराही पानं मला एव्हाना पाठ होती,
तरी उलटत राहिले.
फोनमधून टिकटिक येत होती,
सत्तेचाळिसांची, एकमेकांशी न जुळणारी.

लाम्पी, मी म्हणाले, त्या घड्याळाला किल्ली द्यावी लागते?
लागते.
स्वतःची किल्ली आहे त्याला?
आहे. पितळी. मीच घडवली, आधीची हरवली होती त्यांनी.
मग किल्ली कुठल्या बाजूची?

बराच वेळ काही नाही.
मग टेपवरून बूट पडल्याचा आवाज,
किंवा तसं मला वाटलं.

त्या दिवसाची नोंद :
किल्ली, एक नग. सोबत ज्याची त्याचं घड्याळ.
गाडीच्या डिकीत ठेवलं. अंतर पाळलं.

ब्रॅनिगन नावाचं पुढं काय झालं, मी विचारलं नाही.
यादी आमच्याच इमारतीत यायची, वरच्या मजल्यावर.
मी जिना चढले नाही.

पुढच्या रविवारची प्रत आली :
सेहेचाळीस. पलीकडे तेरा मिनिटं चाळीस सेकंद.
उरलेले वीस सेकंद
हात धुतले.